साहेबाच्या घराशी भांडण

आमचे शेजारी देवतळेकाका इंग्लंडमधल्या एका घराशी भांडतात. इथे रायपुरात, ओट्यावर बसून, मोबाइलमधल्या फोटोला बोटाने ढोसत. "मोठं आलं पुराणं!"

ते घर म्हणजे त्यांच्या लेकीचं, मंजूचं सासर. शेकडो वर्षांचं शेतघर. जाड ओक लाकडांचा सांगाडा, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या, काळ्या तुळयांच्या मधे पांढऱ्या भिंती. त्या भिंती आतून विणलेल्या काटक्यांच्या आणि शेणमातीच्या आहेत हे कळलं, तेव्हा काका आठवडाभर खूश होते.

"म्हणजे कूडच ना? इथं बाजूच्या अभनपुरले चाला, असे छप्पन दाखवतो! तिथं वाळवी नाही म्हणून टिकलं. आणा म्हणा रायपूरले!"

मग एक दिवस भनपुरीच्या लाकूडबाजारातून फळ्यांचा टेम्पो आला. काकांनी आपल्या सिमेंटच्या घरावर उभ्या, आडव्या, तिरप्या फळ्या ठोकल्या, हुबेहूब फोटोसारख्या. वाळवी लागू नये म्हणून वरून डांबर. लोक स्कूटर थांबवून सेल्फी घेऊ लागले. खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट झाला. समोरच मी नुकत्याच महागाच्या टाइल्स लावल्या होत्या. त्यांच्याकडे कुत्रंही बघेना. वरून आमची ही म्हणते, "काका किती हौशी आहेत, नाही?"

मे महिन्यात देवाने माझं ऐकलं. डांबर वितळून पांढऱ्या भिंतीवर ओघळलं. मी चेहरा पाडून सांत्वनाला गेलो, तर एक थेंब माझ्याच शर्टावर पडला. काका शिडीवर चढून रॉकेलच्या बोळ्याने भिंत पुसत होते.

"काका, त्या घराला एवढ्या शिव्या देता, अन् नक्कल त्याचीच काहून?"

काकांनी बोळा पिळून पुन्हा भिंतीवर घासला.

"मागच्या खेपेले मंजूले विमानतळावर सोडाले गेलो. पोट्टी म्हणते, 'बाबा, घरी पोचली की फोन करते.' घरी! मंग इतके दिवस माझ्याकडं काय लॉजवर होती?" बोळा थांबला. "जलन होते भैया, त्या लाकडाची. दिवाळीले येऊन राहिली ती. एकदा इथं उतरून म्हणावं तिनं, घरी आली म्हणून."

शर्टाची तक्रार मी गिळली. "उतरा काका, तुमचा हात पुरत नाही," म्हटलं आणि शिडीवर चढलो.

वरून माझ्या टाइल्स चकचकीत दिसत होत्या. त्या लागल्यापासून आमचे चिरंजीव पुण्याहून एकदाही आलेले नाहीत. मला काकांचा पुन्हा हेवा वाटला. त्यांची मंजू निदान येणार होती.