राणीची पेंड आणि सामाईक विहीर

हे ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही, असं सहादेव आधीच सांगून टाकायचा. गेल्या चाळीस वर्षांत त्याच्या कुठल्याच गोष्टीवर कुणाचा बसला नव्हता. नेवाशाच्या रस्त्याकडेच्या डेअरीच्या ओट्यावर, रिकामी किटली दुखऱ्या गुडघ्याशी टेकवून, पोळ्याच्या आदल्या सकाळीही त्यानं तसंच सुरू केलं.

पण आधी विहिरीचं सांगायला हवं. विहीर त्याची आणि थोरली भावजय लंकाबाई हिची सामाईक. वरच्या अंगाला सहादेवचा गोठा, गोठ्यात चार गुरं, आणि त्यांत राणी नावाची काळीपांढरी संकरित गाय. दूध पंचवीस लिटर, सहादेवच्या तोंडी पस्तीस. तिला तो सरकी पेंड अशी चारायचा, जणू जावई पहिल्या दिवाळसणाला आलाय. उन्हाळ्यात विहिरीवर पोपटी साय धरली. गोठ्यात शिरलं की मुताच्या वासानं डोळे चुरचुरायचे. सहादेवची बायको रतनबाई पिण्याचं पाणी अर्ध्या कोसावरून आणून आणून इतकी थकली, की तिनं भांडणसुद्धा सोडून दिलं. सहादेवला हे जरा चमत्कारिक वाटलं, पण बरंही वाटलं.

मग गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, निकिता नावाच्या. नाकाला पदर लावून त्यांनी सांगितलं की गायीला लागते त्याच्या दुप्पट पेंड पोटात चाललीय. अंगी लागायचं तेवढंच लागतं, उरलेलं शेणामुतातून झिरपत विहिरीत जातं. निम्मी करा, दूध घटणार नाही. लंकाबाईनं तिथंच मुदत घातली: पोळ्यापर्यंत पाणी नितळलं नाही तर गोठा उचलून माळावर न्यायचा. माळावर पाण्याचा थेंब नाही. चार गुरांना रोज दोन वेळा पाणी वाहायचं, या नुसत्या कल्पनेनंच सहादेवच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला.

त्यानं सगळ्यांदेखत हो म्हटलं आणि काडीचाही फरक केला नाही. राणी आटली तर ओट्यावर तोंड कसं दाखवायचं? रोज संध्याकाळी तो पूर्वीइतकीच पेंड बादलीत भिजत घाली. सकाळी ती बादली गव्हाणीत रिकामी करायचं काम रतनबाईचं. सहादेव आपला धार काढता काढता गोठ्याच्या पत्र्याचे खिळे मनातल्या मनात उपटत बसे.

झालं भलतंच. आषाढात वास गेला. श्रावणात पाणी असं नितळलं की दोन वर्षांपूर्वी पडलेली कळशी तळाशी दिसायला लागली. सहादेव चार दिवस चक्रावला. पाचव्या दिवशी त्यानं विचार करणं सोडलं आणि श्रेय घेतलं.

तर ओट्यावर तो सांगत होता, की पेंड कमी केली तेव्हा राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं तिच्या कानात सगळं समजावून सांगितलं. आठव्या दिवशी तीच जास्तीची पेंड मुस्कटानं बाजूला सारायला लागली, आणि दूध उलट वाढलं. निकिता डॉक्टर नेमक्या तिथंच होत्या. त्यांनी विचारलं, शेवगावच्या शेतकरी मेळाव्यात हे सांगाल का? सहादेवनं टोपी सरळ केली.

लंकाबाई मापात दूध ओतत होती. तिनं मान वर केली नाही.

"भावजी, तुमी पसाभर बी कमी केली न्हाई. तुमची निम्मी पेंड रतन रोज सकाळी वढ्यापल्याड माझ्या शेळ्यांना आनून घालती, आन् तुमच्या बादलीत भुसा कालवती. शेळ्या बघा जाऊन. दारातनं आत मावंनात."

सहादेवनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग वैनी," तो हळूच म्हणाला, "दूध कसं घटलं न्हाई?"

"ते डॉक्टरीणबाईंनी पयल्याच दिवशी सांगितलं हुतं की. पन तुमाला कुनी खरं सांगितलं, की ती थाप वाटती."