वर जाणारा हार

"मागून आला म्हणून ब्लॉक मोठा होते का बे? चोरही मागूनच येते," प्रेमानंद म्हणाला आणि त्याने तर्रीत भिजलेल्या पोह्यांचा घास तोंडात सारला.

"चोर घेऊन जाते. लेब्रॉननं रिंगकडे चाललेला चेंडू अडवून सामना वाचवला." वसंताने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "पाह्य. फायनलचा सातवा सामना. बरोबरीचा स्कोअर, दोन मिनिटं नाही उरले. सगळं मैदान ओलांडून आला माणूस. उशिरा निघाला, पण पोचला! याच्यापेक्षा मोठा ब्लॉक बास्केटबॉलात झाला नाही नि होणार नाही."

"अन् यानिस? त्याचा गुडघा दुखावला होता लेका. एकाले सोडून वळला, उडाला, नि रिंगजवळ आलेला चेंडू तिथंच थोपवला. समोरासमोर!" प्रेमानंदाने स्वतःचा गुडघा चोळला. यानिसचा ब्लॉक त्याला आवडायचा, त्यात या दुखऱ्या गुडघ्याचा वाटा मोठा होता.

हा वाद चालला होता मंगल कार्यालयाच्या शेवटच्या रांगेत, डोक्याला फेटे बांधून. प्रेमानंद नवरदेवाचा बाप होता आणि वसंता नवरीचा मामा. दोघं पोरपणी एकाच मैदानावर, एकाच रिंगखाली वाढलेले. पुढे प्रेमानंद गांधीबागेत कापडाच्या दुकानात बसला, वसंता हिंगण्याच्या कारखान्यात लागला. पण अमेरिकेत रात्री होणारे सामने नागपुरात सकाळच्या चहाबरोबर येतात. ते दोघं आपापल्या घरी पाहत आणि मग फोनवर भांडत. या भांडणातूनच सोयरीक जुळली. प्रेमानंदाचा अनिश ताडमाड उंच, वसंताची भाची भैरवी मामासारखीच ठेंगणी. "उंची आमच्याकडून घ्या, नेम तुमच्याकडून द्या," असं म्हणून प्रेमानंदाने तिला मागणी घातली होती.

भैरवीचा नेम मामाचाच होता. बाप लवकर गेलेली पोर. तिची आई, चारुलता, शाळेत शिकवायला जायची तेव्हा वसंता भाचीला मैदानावर न्यायचा आणि खांद्यावर उभी करून रिंगमध्ये चेंडू टाकायला लावायचा. ती मोठी झाली, खांद्यावरून उतरली, पण मामाने तिचा एकही चेंडू कधी अडवला नाही. हात वर करायचा आणि ऐन वेळी खाली घ्यायचा. पोर चिडायची.

"मामा, तू खोटं खोटं खेळून राहिला. खरं खेळ नं!"

"खरं खेळायले सारं जग पडलं आहे, बाई," तो म्हणायचा.

"बरं, एक सांग," प्रेमानंदाने आता आपला ठेवणीतला बाण काढला. "तुह्या जन्मात एक तरी ब्लॉक केला का गा तू?"

वसंताने फोन खिशात घातला. संघात तो सगळ्यात ठेंगणा. त्याचे चेंडू सगळ्यांनी अडवले होते, त्याने कुणाचाही नाही. माणसाच्या आयुष्यात काही गोष्टी राहूनच जातात, पण रोज सकाळी कुणी त्यांची आठवण करून देत नाही. वसंताला ते भाग्य होतं.

"अन् तुह्या लेब्रॉनचा चेंडू उतरून राहिला होता," प्रेमानंदाने वरून मीठ टाकलं. "गोलटेंडिंग! उतरत्या चेंडूले हात लावला का बास्केट मोजतात. विसरला का नियम?"

"वरच चालला होता!" वसंता असा ओरडला की सनईवाला थबकला.

पार पहिल्या रांगेतून सुभद्राआत्यांनी मान वळवली. या प्रेमानंदाच्या आत्या. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. नवरी ठेंगणी म्हणून त्यांनी आधीच नाक मुरडलं होतं. "लग्नाच्या मांडवात काय वर नि काय खाली? गप बसा नं गा दोघंही!"

दोघं गप्प बसले. पण वाद बसत नसतो. तो अंगात उभाच राहतो.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. भैरवी हार घेऊन पुढे झाली, आणि अनिशच्या मित्रांनी रिवाजाप्रमाणे त्याला उचललं. मित्रही त्याच्याच संघातले, सगळे खांबासारखे. नवरदेव पंख्याला टेकायचा बाकी राहिला.

"वसंता, जाय गा, त्या पोट्ट्यांले खाली उतरव म्हण!" चारुलता कळवळून म्हणाली.

मंगलाष्टकांना मामाच्या मानाने वसंता भाचीच्या मागे येऊन उभा होता. तो निघाला. भटजींना वळसा घालून, समई चुकवून, सगळा मंच ओलांडून तो नवरदेवाच्या मागे पोचला. पोरं ऐकेनात. म्हणून तो तिथल्या रिकाम्या, उंच चौरंगावर चढला.

इकडे भैरवी दोन पावलं मागे सरली. तिने शालू सावरला, गुडघे किंचित वाकवले, हार दोन्ही हातांत तोलला. मनगट कसं सोडायचं हे तिला कुणी शिकवलं होतं ते सांगायला नको. हार सुटला. निशिगंधाचा नि गुलाबाचा तो गोल हवेत असा गिरकी घेत निघाला, जणू चांदणं कुणी वेटोळं करून भिरकावलं होतं.

त्यानंतर जे झालं ते वसंताने केलं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. ते त्याच्या हाताने केलं. सकाळपासूनचा वाद त्या हातात साचला होता, आणि जन्मभराची एक राहून गेलेली गोष्ट. तो चौरंगावरून उडाला. नवरदेवाच्या फेट्यावरून त्याचा पंजा पुढे आला आणि हाराला फाट्कन बसला.

हार मागे फिरला, सभागृहावरून तरंगत गेला आणि पहिल्या रांगेतल्या सुभद्राआत्यांच्या गळ्यात अलगद पडला.

बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं, गळ्यात हार पडला की वाजवा. कुणाच्या गळ्यात ते सांगितलं नव्हतं. बँड दणाणला. बँड ऐकून लोकांनी अक्षता टाकल्या. हार जिथे होता तिथेच टाकल्या. आत्यांचं डोकं तांदळाने पांढरं झालं. अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं, असं समजून आचाऱ्याने वाढायला घेतलं, आणि वऱ्हाडी ताटांकडे धावले. आतापर्यंत फक्त एकच गोष्ट झाली नव्हती, ती म्हणजे लग्न.

आत्या उठल्या. बँड आपोआप थांबला.

"मुलीच्या सख्ख्या मामानं हार अडवला," त्या म्हणाल्या. "मंग त्याहीच्या मनातच नाही. काहून जबरदस्ती करता? चला रे, घरी चला!"

"आत्याबाई, चुकून झालं हो," चारुलताने हात जोडले.

"चुकून पाय घसरते. चुकून कोणी उडी नाही मारत!"

दुसरा हार मागवावा, तर फुलवाला लांब होता आणि मुहूर्त टळायची वेळ जवळ. भटजी घड्याळाकडे पाहू लागले. भैरवी मान खाली घालून उभी होती. वसंता चौरंगाशेजारी बसून राहिला. ज्या पोरीच्या वाटेत जन्मभर हात आडवा केला नाही, तिच्या लग्नात तो आडवा आला होता. धरणीने पोटात घ्यावं, तर खाली धरणी नव्हती, मंच होता, तोही भाड्याचा.

तेवढ्यात व्हिडिओवाल्या ऋषिकेशने नको ती हुशारी दाखवली. काय झालं ते सगळ्यांना दिसावं, म्हणून त्याने ते दृश्य मोठ्या पडद्यावर लावलं. संथ गतीत.

सभागृह थबकलं. ताटं हातात राहिली. पडद्यावर एक ठेंगणा माणूस हळूहळू चौरंगावरून सुटला. फेट्याचा तुरा वाऱ्यावर, हात आभाळाला. हार अजून चढत होता, आणि चढता चढता पंजाला भेटला.

"बापा रे! काय ब्लॉक आहे!" जुन्या संघातला कुणीतरी शिट्टी मारून म्हणाला. अनिशचे मित्र टाळ्या वाजवू लागले. वसंताने स्वतःला पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शरमेचं होतं, पण सगळंच शरमेचं नव्हतं. निर्मळ ब्लॉक होता तो. चढत्या हाराला, मागून येऊन, सगळा मंच ओलांडून.

प्रेमानंद पडद्यासमोर गेला. मग आत्यांकडे वळला.

"गोलटेंडिंग," तो म्हणाला.

"ते का असते?"

"नियम आहे आत्या. वर जाणारा अडवला तर अडवला. पण उतरायले लागलेल्याले कोणी हात लावला, तर तो पोचला असंच धरतात. हार उतरून राहिला होता. म्हणजे पडला अनिशच्या गळ्यात. मोजा."

"अन् मग अडवणाऱ्याचं?"

"त्याचं काहीच नाही. ते झालंच नाही असं धरतात."

आत्यांनी पडद्याकडे पाहिलं, प्रेमानंदाकडे पाहिलं, आणि शेवटी वसंताकडे बोट केलं. "तू सांग गा. हात तुहा होता. हार वर होता का खाली?"

सगळं सभागृह वसंताकडे पाहू लागलं. पडद्यावर तो अजून हवेतच होता. आयुष्यातला एकुलता एक ब्लॉक, पाचशे साक्षीदार, आणि समोर भैरवीचा खाली झुकलेला चेहरा.

"खाली होता, आत्याबाई," वसंता म्हणाला. "उतरूनच राहिला होता."

आत्यांनी गळ्यातला हार काढला, अक्षता झटकल्या. "पोचलाच आहे, तर पोचवून देऊ," म्हणत त्या मंचावर चढल्या आणि हार भैरवीच्या हातात दिला. "अन् तुम्ही रे, खाली ठेवा त्या ताडाले! माणसासारखं उभं राहू द्या."

लग्न लागलं. अक्षता पुन्हा पडल्या, या खेपेला योग्य जागी.

संध्याकाळी पाठवणीच्या आधी वसंता ऋषिकेशला एका कोपऱ्यात गाठून म्हणाला, "तेवढा तुकडा मले पाठवशील का गा?"

"काका, तो तर पुसला. आत्याबाई बाजूलेच उभ्या राहिल्या होत्या."

आता व्याही झालेला प्रेमानंद मागून आलाच. त्याने वसंताच्या खांद्यावर हात टाकला. "जन्मात एक ब्लॉक केला, नि तोही गोलटेंडिंग! मी नाही म्हटलं इवाई, तूच म्हटलं. भरल्या मांडवात."

वसंताने फेटा काढून काखेत मारला. आता रोज सकाळी चहाबरोबर हेच येणार होतं, आणि त्याला उत्तर देण्याचा हक्क तो स्वतःच्या तोंडाने देऊन बसला होता.

दारात बायकांनी गाणं धरलं.

*मामाच्या खांद्यावरी भाची आभाळाएवढी,*
*उतरून गेली दूर, उरे सावलीएवढी.*

भैरवी आईच्या गळ्यातून सुटली आणि मामाच्या गळ्यात पडली. रडता रडताच त्याच्या कानाशी आली.

"मामा, वरच चालला होता हार."

"गप वं."

"मी टाकला होता नं? मले नाही समजत का? अजून हातभर वर गेला असता." तिने नाक पुसलं. "आज पहिल्यांदा खरं खेळला तू."

ती गाडीत बसली. दार लागलं. चाकाखालचा नारळ फुटला. गाडी हलली तसा वसंता दोन पावलं पुढे झाला आणि त्याचा हात वर गेला.

मग नेहमीसारखा, ऐन वेळी, त्याने तो खाली घेतला. गाडी निघून गेली.