रफार सरकतो तेव्हा

दुसऱ्यांची नावं मोठी करण्याचा धंदा करणाऱ्या काकांचं स्वतःचं नाव मात्र इंटरनेटवर सातव्या पानावर होतं. सातव्या पानावर कोणी फिरकत नाही. तिथे पोचलेला माणूस एक तर वाट चुकलेला असतो, नाही तर स्वतःचंच नाव शोधत असतो. काका रोज जात.

काकांची जनसंपर्क संस्था म्हणजे दोन टेबलं, एक प्रिंटर आणि बायको. बायको मराठीच्या निवृत्त बाई. काकांचं कुठलंही प्रसिद्धीपत्रक बाईंच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. खोली मेव्हण्याची होती, आणि मेव्हण्याला तिथे व्यायामशाळा काढायची होती. त्याने अगदी गोड बोलून बजावलं होतं, "दाजी, या महिन्यात एक तरी नवीन गिऱ्हाईक दाखवा. नाही तर मी वजनं आणून ठेवतो."

म्हणून काकांनी पहिल्या पानावर नेणारा तज्ज्ञ बोलावला. त्याने लॅपटॉप उघडला आणि नाडी लागत नसल्यासारखा चेहरा केला.

"सर, तुमचा शब्दच चुकलाय. 'जनसंपर्क' कोण शोधतंय? लोक 'जनसंर्पक' शोधतात."

"अहो, पण ते अशुद्ध आहे!" बाई ताडकन उठल्या. "रफार 'क'वर हवा. तो 'प'वर कशाला चढवलाय?"

"मॅडम, शुद्ध लिहिणारे तुमच्याआधी सहा पानं अडवून बसलेत. अशुद्ध गल्लीत गर्दी तुफान आहे आणि दुकान एकही नाही."

काकांना हे पटलं. संकेतस्थळावर नवा मजकूर झळकला : "जनसंर्पकासाठी जनसंर्पक क्षेत्रातील अग्रगण्य जनसंर्पक संस्थेशी आजच जनसंर्पक साधा." त्यानंतर बाई काकांशी फक्त व्याकरणशुद्ध वाक्यांत बोलू लागल्या, म्हणजे जवळजवळ बोलेनाशाच झाल्या.

पण संस्था खरोखरच पहिल्या पानावर आली. लगेच फोन वाजला.

"लवकर या हो! बाथरूममध्ये शिरलाय!"

"कोण?"

"कोण काय? साप!"

झालं होतं ते एवढंच. 'जनसंर्पक' वाचून इंटरनेटच्या शोधयंत्राला वाटलं, याचा सर्पाशी काहीतरी संबंध असणार. त्याने काकांना सर्पमित्रांच्या यादीत सगळ्यांत वर नेऊन बसवलं. काकांनी घाबरून तज्ज्ञाला गाठलं आणि रफार जागेवर न्यायला सांगितलं.

"मुळीच नको!" तज्ज्ञ ओरडला. "आणि फोन करणाऱ्याला परतही पाठवू नका, सर. माणूस निराश झाला की क्रम घसरतो."

मग काका लोकांना फोनवरच सांभाळू लागले. "घाबरू नका. सापाची बाजूही समजून घ्या. एवढी घरं सोडून तो तुमच्याकडे आला, यातच तुमच्या घराची पत दिसते." साप आपापल्या सवडीने निघून जात आणि लोक काकांना पाच तारे देत. गिऱ्हाईक मात्र एकही मिळेना. महिना सरत आला. मेव्हण्याने जिन्यात दोन डंबेल्स आणून ठेवले, नुसते मापाला.

शेवटी एका सरकारी कार्यालयातून साक्षात मोठ्या साहेबांचा फोन आला. दस्तऐवजांच्या खोलीत नाग होता. काका इतके रडकुंडीला आले होते, की त्यांच्या तोंडून एकदम खरं निघालं.

"साहेब, माफ करा. मला साप धरता येत नाही. सगळं ठीक आहे असं लोकांना पटवता येतं फक्त."

साहेब गहिवरून म्हणाले, "अहो, मग इतके दिवस होतात कुठे?"

साहेबांची अडचण रास्त होती. साप पकडायचा तर प्रस्ताव हवा, दरपत्रकं हवीत, शिवाय तो कोणाच्या परवानगीने आत आला याची चौकशी आलीच. साप नाही म्हणायला एक पान पुरतं. काकांनी ते एका बैठकीत लिहिलं : "कार्यालयात साप असल्याच्या वृत्तात तथ्य नाही. दस्तऐवजांच्या खोलीत आढळलेली हालचाल ही कामकाजाला आलेली गती होय." निवेदन पहिल्या पानावर झळकलं. कार्यालय काकांचं कायमचं गिऱ्हाईक झालं आणि मेव्हण्याने मुकाट्याने डंबेल्स उचलले. काकांना इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

करारावर सही करायला काका बाईंना घेऊन कार्यालयात गेले. खिडकीपुढे रांग होती. रांगेतल्या पायांमधून काहीतरी लांबलचक, थंडगार सरपटत गेलं.

"अहो, साप!" बाई किंचाळल्या.

सगळ्या रांगेने चटकन मोबाइल काढले आणि पहिलं पान पाहिलं.

"नाहीये हो," एक आजोबा मायेने म्हणाले. "नाही म्हणून दिलंय इथे. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका."

काकांनीही मोबाइल काढला. स्वतःच लिहिलेलं निवेदन त्यांनी सावकाश वाचलं, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"अगं, खरंच नाहीये," ते म्हणाले.

बाई एकट्याच खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या. सगळे त्यांना हसले. वाचकहो, तुम्हीही हसला असाल. पण मघापासून इथे निवांत वाचत बसला आहात, एकदा तरी खाली पाहिलंत का?