अकरा वेळा न्हाई

गैरहजर पोराच्या घरी आपोआप मेसेज जावा, अशी सोय रूपाली मॅडमनी पंधरा दिवस खपून नायगावच्या आपल्या शाळेत बसवली होती. चाचणीसाठी सातवीच्या यादीत तळाला स्वतःचं नाव आणि आई सुमनबाईंचा नंबर घातला होता. दुपारी तालुक्याचे साहेब ही करामत बघायला येणार, आणि ती सकाळपासून चालूच होईना. बटण दाबलं की एकच ओळ यायची : 'खातेदाराने परवानगी नाकारली.'

"खातेदार कोण?" मुख्याध्यापक रेणुकादास सरांनी विचारलं.

"शाळाच की, सर."

"मग शाळा कशाला नाही म्हणेल?"

रूपालीने वायरी काढून लावल्या, कॉम्प्युटर झोपवून उठवला. अकराव्या नकाराबरोबर तिचा फोन वाजला. उमरीहून ग्यानोबा बोलत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले शाळेचे क्लार्क.

"मॅडम, सकाळधरनं कुणीतरी शाळेच्या खात्यात घुसायला बघून राहिलंय. अकरा डाव 'नाही' दाबून हाकललं म्या. तुम्ही बिनघोर ऱ्हावा."

रूपालीने कपाळाला हात लावला. शाळेच्या खात्याला अजून ग्यानोबांचाच नंबर होता.

"काका, ती मीच हाय. आता 'होय' दाबा."

"जमायचं न्हाई. फोनवर कुणी बी सांगितलं तरी 'होय' दाबायचं न्हाई, हे तुम्हीच शिकिवलं. मॅडमचा आवाज काढून चोर बी बोलंल."

शिष्य इतका पक्का निघेल असं तिला वाटलं नव्हतं. स्कूटी काढून ती उमरीला पोचली. ग्यानोबांनी तिचं तोंड नीट निरखलं, आधी चहा पाजला आणि मग, तिच्या सांगण्यावरून शाळेत सरांनी पुन्हा बटण दाबताच, 'होय' दाबलं.

"लई दिसांनी शाळेला माझं काम पडलं बघा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. रूपालीचा सगळा राग तिथेच विरघळला.

तेवढ्यात सुमनबाईंचा फोन आला.

"रूपाली, 'तुमचा पाल्य आज शाळेत गैरहजर आहे' म्हनून मेसेज आलाय. कुठं हायस तू?"

यादीत असेल ते नाव पुकारायचंच, हा रेणुकादास सरांचा नियम. सातवीची हजेरी त्यांनी शेवटच्या नावापर्यंत घेतली होती.

रूपालीला हसू आवरेना. ग्यानोबांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"सुमनबाई, पोरगी माझ्याकडं हाय, काळजी करू नका. रजेचा अर्ज म्या लिहून देतो."