गाडीला अर्थ नाही

शब्दाचा अर्थ लावण्यात रत्नागिरी तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवतोय. 'संदर्भासहित स्पष्टीकरण' म्हटलं की मुलंच काय, सहकारी शिक्षकही माझ्या टेबलाशी येतात. अशा माणसाचं नाक एका शब्दाने कापलं. आणि तो शब्द कोणता, तर 'अर्थ'!

ही यंदाची, २००२ सालची गोष्ट. माझ्या सासऱ्यांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांच्या कलमांच्या बागेत, गोठ्यामागे एक जुनी पिकअप गाडी होती. चोपन्न सालची, विलायती, पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे. वीस वर्षं ती जागची हलली नव्हती. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी नेमाने अंडी घालायची.

डिसेंबरात सासूबाईंना सत्तर पुरी होणार होती. एकदा चहा पिताना भाऊ सहज म्हणाले, "लग्न झालं तेव्हा हिला त्या गाडीतून भाट्याच्या समुद्रावर न्यायचो. सत्तरीला एकदा नेता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आता कुठलं!"

भाऊ हा माणूस स्वतःसाठी काही मागणाऱ्यांतला नव्हे. माझ्या तोंडातून एकदम निघून गेलं, "भाऊ, गाडी माझ्यावर सोपवा. आईंच्या सत्तरीला तुम्ही त्यांना त्याच गाडीतून नेणार."

माझी बायको सुनेत्रा बशीतला चहा प्यायची थांबली. "अहो, तुम्हाला स्कूटरचा प्लग काढता येत नाही."

"ते वेगळं," मी म्हणालो.

इंजिनाचं काम एका मेस्त्रींनी करून दिलं. रंग आणि वायरिंग मात्र मी स्वतःकडे ठेवलं. अख्खी दिवाळीची सुट्टी घातली. आपल्याकडची खारी हवा लोखंडाला कशी खाते हे सांगायला नको, म्हणून मी ठरवलं की बोटभरसुद्धा लोखंड उघडं ठेवायचं नाही. प्रत्येक सांधा, प्रत्येक बोल्ट, बोल्टाखालची भोकं, सगळ्याला हिरव्या ऑइलपेंटचे दोन-दोन हात दिले. मागच्या फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या दारावर, जुन्या पिवळ्या रंगात 'चि मा' अशी पुसट अक्षरं होती. मी तत्काळ अर्थ लावला: चिरे-माती. पूर्वी गाडी बांधकामाचे चिरे आणि माती वाहत असणार! आता आईंना काय चिऱ्या-मातीच्या गाडीतून न्यायचं? दिले त्यावरही दोन हात.

वायरिंगही नवंकोरं केलं. कुजक्या वायरी उपटून लाल, पिवळ्या, निळ्या वायरी अशा ओढल्या की सुनेत्रासुद्धा बघत राहिली. इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याच्या तारांची एक कळकट वेणी लोंबत होती, तिचा कशाशीच संबंध दिसेना. ती मी काढून टाकली. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या सोनूबाईंना ती आवडली. "कढईला बरी," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

वाढदिवसाला आठ दिवस उरले असताना मी भाऊंना गाडी बघायला बोलावलं. भाऊ आले. गाडीभोवती सावकाश फिरले. फाळक्यामागे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "छान रंगवलीत हो."

मी खुशीत आत बसलो. "आता गंमत बघा, भाऊ."

हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही, पण वायपर वीतभर वर आला आणि तिथेच थांबला. ब्रेक दाबला, तर डावा सिग्नल मिणमिणला. डावा सिग्नल दिला, तेव्हा पुढचे दोन्ही दिवे पेंगुळल्यासारखे मंद उघडमीट करू लागले, आणि आता कुठे हॉर्न घसा बसल्यासारखा कण्हला.

"हे असंच असतं का?" सुनेत्राने विचारलं.

"गरम व्हायला हवी," मी म्हणालो आणि स्टार्टर मारला.

गरम झाली! चोकची केबल लाल झाली, डॅशबोर्डाखालून धूर निघाला, आणि मी "बंद कर, बंद कर" असं माझं मलाच ओरडत असताना सुनेत्राने गोठ्यातली बादली आणून ओतली. बादलीत पेंड भिजवलेली होती. त्यातली निम्मी माझ्यावर आली.

केसांतली पेंड झटकत खाली उतरलो तर भाऊ निघाले होते. त्यांची ती पाठमोरी आकृती बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्या माणसाला आशा दाखवायची आणि वर ही तऱ्हा करायची!

शेवटी रघूला निरोप धाडला. रघू मिरकरवाड्यात ट्रॉलरचं आणि गाड्यांचं वायरिंग करतो. तो आला तेव्हा मी शाळेत होतो. संध्याकाळी सुनेत्राने पडेल चेहऱ्याने दार उघडलं.

"रघू गाडी बघून गेला. म्हणाला, सरांना सांगा, गाडीत काही अर्थ नाही."

"काहीच?"

"काहीच अर्थ नाही म्हणाला. उद्या परत येतो म्हणाला, पण ते आपलं बरं दिसावं म्हणून असेल."

मी तसाच सासुरवाडीला गेलो. भाऊ पडवीत सुपारी कातरत होते. मान खाली घालून सांगितलं, "भाऊ, मला माफ करा. गाडी होण्यातली नाही. कारागीर स्वतः म्हणाला, तिच्यात अर्थ नाही."

भाऊंचा अडकित्ता थांबला. "खरं आहे," ते हळूच म्हणाले. "सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हौसेनं केलंत, तेच पुष्कळ."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण जावयाला बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. दुपारी बागेत येतो तो काय, रघू गाडीखाली! बाहेर नुसते पाय दिसत होते.

"रघू, राहू दे रे. अर्थ नाही म्हणालास ना?"

"नाय तर नाय," गाडीखालून आवाज आला. "देवचा मग. त्यात काय?"

"अर्थ द्यायचा?"

रघू सरपटत बाहेर आला. माझ्याकडे नीट बघितलं. "सर, करंट बॅटरीतनं वायरीनं दिव्याकडं जातो. बरोबर? मग परत कुठनं येतो?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"बॉडीतनं येतो. लोखंडातनं. त्याला अर्थ म्हणतात, अर्थिंग. तुमी सगळीकडं रंग फासलाव. बोल्टाखालीपण! रंगातनं करंट जातो काय? मग तो बिचारा वाट शोधत वायपरात जातो, हॉर्नात जातो, चोकच्या केबलीतनं जातो. आणि इंजिनाची तांब्याची वेणी होती ती कुठं टाकलाव?"

"ती सोनूबाईंकडे आहे," मी म्हणालो. "कढईला."

रघू परत गाडीखाली सरकला. मोठ्या मनाचा माणूस.

मग घरी लक्षात आलं ते असं. रघू म्हणाला होता, 'गाडीला अर्थ नाय.' सुनेत्रा पडली मराठीच्या मास्तरची बायको. तिने निरोप पोचवताना भाषा सुधारली, 'ला'चा 'त' केला, आणि चतुर्थीची सप्तमी होऊन एक चांगली गाडी भंगारात निघाली!

पण ते नंतर. तेव्हा मी धावतच भाऊंकडे गेलो. "भाऊ, भंगारवाल्याला नको म्हणून सांगा! गाडी होतेय."

भाऊ उठले नाहीत. "नको हो, जावईबापू. चालली तरी काय उपयोग? त्या गाडीत आता काही अर्थ राहिला नाही."

मला नुकतंच नवं ज्ञान झालेलं. मी म्हणालो, "अहो भाऊ, तेच तर सांगायला आलोय! अर्थ कुठे गेलेला नाही. माझ्या रंगाखाली दबलाय. रंग खरवडला की येतो वर."

भाऊंनी मान वर केली. "खरवडाल तुम्ही? एवढा मेहनतीनं दिलेला रंग?"

"म्हणजे काय? चूक माझीच आहे. आणि फाळक्यापासूनच सुरुवात करतोय." नंबरप्लेटचा दिवा फाळक्यावर असल्याने रघूने तिथूनच सुरुवात सांगितली होती.

भाऊंचे डोळे एकदम भरून आले. मला वाटलं, विजेच्या कामात एवढं रडण्यासारखं काय आहे? तोवर ते पायात चपला सरकवून गाडीकडे निघालेसुद्धा.

रघू दिव्याच्या बोल्टाभोवती थिनरचा बोळा फिरवत होता. माझा कोवळा हिरवा रंग सुटत होता आणि खालून पिवळ्या रंगाची एक वेलांटी दिसू लागली होती. भाऊंनी त्याच्या हातातला बोळा घेतला. बाळाचं तोंड पुसावं तसं हलक्या हाताने ते पुसत राहिले. आधी 'चि' दिसला. मग 'मा'. दोन अक्षरांच्या मध्ये काही गाळलेलं नव्हतं, कधीच नव्हतं.

"अगंबाई, चिमा!" मागे सुनेत्रा उभी होती. "आईचं माहेरचं नाव."

आईंचं नाव लग्नात बदललं. गेली अठरा वर्षं मी त्यांना मथुराबाई म्हणूनच ओळखतो. रेशनकार्डावरही तेच. भाऊ म्हणाले, "सासरी आल्यावर तिला त्या नावानं हाक मारायला कोणीच उरलं नाही. मीही कसा मारणार, घरात माझी आई होती. म्हणून गाडीवर लिहून घेतलं. मी गाडीला हाक मारायचो, ती बरोबर समजायची."

मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मी तुम्हाला काही बोललो नाही. तरी तुम्हाला अर्थ कळला, जावईबापू."

माणूस इतक्या मनापासून चुकत असेल तर त्याला दुरुस्त करू नये. मी नुसती मान डोलावली.

सोनूबाईंकडून वेणी परत आणली. कढईमुळे ती अशी लखलखीत झाली होती की रघू म्हणाला, नवीन मिळती तरी एवढी चांगली नसती. बोल्टांखाली लोखंड उघडं केलं, आणि हॉर्न दाबल्यावर चक्क हॉर्न वाजला.

रविवारी, आईंच्या वाढदिवशी, भाऊंनी गाडी काढली. शेजारी सासूबाई. सुनेत्रा, मी आणि वाटेत काही झालंच तर असावा म्हणून रघू, असे तिघं मागे हौद्यात. भाट्याला उतरल्यावर आई मागे आल्या आणि त्यांना फाळका दिसला. त्यांनी बोटाने वेलांटी गिरवली.

"पन्नास वर्षं होत आली," त्या म्हणाल्या. "अजून पुसलं नाही?"

"पुसलं होतं," भाऊ म्हणाले. "जावईबापूंनी परत आणलं. मास्तर आहेत. न सांगता बरोबर अर्थ लावला त्यांनी."

मी विनयाने समुद्राकडे बघू लागलो. तेवढ्यात हौद्यातून पान्हा घेऊन उतरणारा रघू थांबला. पठ्ठ्या कधी खोटं बोलत नाही.

"चुकतंय, भाऊ," तो म्हणाला. "अर्थ मी लावला. सरांनी नुसता रंग लावलानी."