गच्चीवरचे चोवीस अणू

आष्टीकर सरांना कशालाही "छान झालंय" म्हटलेलं चालायचं नाही. आईने चहा पाठवला की विचारायचे, "हजार वेळा केलात तर किती वेळा बिघडेल, वहिनी?" आई म्हणायची, "आधी हा प्या, गार होतोय."

हैदराबादला, तारनाक्याच्या आमच्याच बिल्डिंगमध्ये सर खाली एकटे राहायचे. फिजिक्स शिकवायचे. लेसरच्या उजेडात अणू जागच्या जागी धरून त्यांच्याकडून गणितं करून घ्यायची, हा त्यांचा ध्यास. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नारायणगुड्यात गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास, पोरं विमानात बसायच्या घाईत. आणि सर मला म्हणायचे, "दोन अणू शहाण्यासारखे वागतील रे. शेकडो वागायला हवेत. एम.एस्सी. संपव, मग आपण बघू." त्यांच्याकडे पीएच.डी.ला राहील असा मी एकटाच उरलो होतो. इकडे शेवटची परीक्षा झाली होती आणि माझ्या खिशात बेंगळुरूच्या कंपनीचं पत्र. आठ दिवस सांगायची छाती होत नव्हती.

एका रविवारी सकाळी सरांनी अख्खी बिल्डिंग गच्चीवर चढवली. खडूने चोवीस चौकोन आखलेले. एकेकात एकेक माणूस, म्हणजे अणू. नियम एवढाच: डावीकडच्याचा हात वर असेल तरच शिट्टीला गिरकी घ्यायची, नाहीतर गप उभं राहायचं.

आधी सरांनी आणि मी करून दाखवलं. एकही चूक नाही. मग चोवीस जण. रावगारूंनी नाक खाजवायला हात उचलला, तशा शेजारच्या काकू गर्रकन फिरल्या. त्यांचा पदर खानसाबांच्या चष्म्यात अडकला आणि खानसाब भलतीकडेच वळले.

"तुमकु कौन बोले घूमो बोलके?" सर वैतागले.

"सब घूमरे, मैं बी घूम गया," खानसाब शांतपणे म्हणाले.

दहा मिनिटांत कोण कुणाचा शेजारी तेच कळेना. आईला गॅसवरचं दूध आठवलं, आणि तिच्यामागे सगळेच हसत खाली उतरले.

सर मात्र खूश. "पाहिलंस? एकाची चूक दुसऱ्याला लागते. चल, आपण दोघं परत करू."

त्यांनी हात वर केला, शिट्टी वाजवली. मी वळलोच नाही.

"चुकलास की रे."

"सर, मला बेंगळुरूला नोकरी लागलीय."

त्यांनी हात खाली घेतला. "ठाऊक आहे. वहिनींनी परवाच सांगितलं."

"मग हे सगळं कशाला केलंत?"

"म्हटलं, हा गोंधळ पाहिलास तर तुला तो सोडवावासा वाटेल," सर खडू खिशात टाकत म्हणाले. "आणि मग राहशील."

मला तो सोडवावासा वाटला होता. अगदी मनापासून वाटला होता. पण तेव्हा तसं बोलता आलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात मी निघून गेलो.