शाखेतील गर्दी कमी करणे

जबलपूरच्या रांझी भागातल्या बँकेत अवंतीला उन्हाळ्याच्या सुट्टीतली इंटर्नशिप मिळाली, तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद तिच्या आजोबांना झाला. नीलकंठराव ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्मभर लेथ चालवून निवृत्त झाले होते. त्यांची पेन्शन त्या बँकेत महिन्यातून एकदा यायची आणि ते स्वतः रोज जायचे. पहिल्या दिवशी नातीला तेच घेऊन गेले आणि दारावरच्या गार्डला म्हणाले, "ये हमारी पोती है, इसको रोकना मत." त्या गार्डने आजवर कुणालाच रोखलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मॅनेजर दुबेसाहेबांनी अवंतीला समोर बसवलं आणि तिच्या प्रोजेक्टचं नाव सांगितलं : शाखेतील गर्दी कमी करणे. मग त्यांनी काचेतून कूलरसमोरच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"देख रही हो? ये लोग रोज़ पासबुक छपवाते हैं. कल छपवाई, आज फिर छपवाएँगे. बीच में हुआ क्या? कुछ नहीं! फिर कूलर के सामने बैठ जाते हैं. सबको मोबाइल ॲप पर डाल दो. शाखा ख़ाली, तो तुम्हारा रिपोर्ट उत्कृष्ट. और उत्कृष्ट वालों को अगले साल यहीं नौकरी."

बाकावर चार-पाच म्हातारे बसले होते. मधोमध बसलेले आजोबा तिला हात हलवून दाखवत होते.

यहीं नौकरी, हे दोन शब्द अवंतीच्या डोक्यात घट्ट बसले. कॉलनीतली बरोबरीची सगळी मुलं पुण्याला गेली होती. तिला जबलपूर सोडायचं नव्हतं. ती जोमाने कामाला लागली, आणि पहिला विद्यार्थी म्हणून तिने हक्काचा माणूस धरला.

आजोबांना ॲप शिकवणं सोपं नव्हतं. जन्मभर लोखंड घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. त्यांचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, फोन कशालाच ओळख देईना. शेवटी डाव्या करंगळीला त्याने दाद दिली. तेव्हापासून आजोबा करंगळी वर धरूनच बँकेत शिरू लागले, आणि गार्डला प्रत्येक वेळी वाटायचं की म्हाताऱ्याला घाई झाली आहे. तो न विचारता मागचं दार दाखवायचा.

आपण शिकल्यावर आजोबांनी मित्रांना शिकवायला घेतलं.

"नीलकंठ, पिन काय ठेवू बे?" भय्यासाहेबांनी विचारलं. हे आजोबांचे फॅक्टरीतले जुने सोबती.

"माझाच ठेव नं. मले पाठ आहे. तू विसरला तं मी सांगीन."

हा विचार सगळ्यांना इतका पटला, की अख्ख्या बाकाने एकच पिन ठेवला. अवंतीला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

"आजोबा, पिन सांगायचा नसतो कुणाला!"

"परके थोडीच आहेत, बेटा?"

तिने प्रत्येकाला वेगळा पिन ठेवायला लावला. दोनच दिवसांत सगळे आपापला पिन विसरले. मग रामकृष्णजींनी, म्हणजे बाकावरच्या सर्वांत व्यवस्थित माणसाने, सगळे पिन कूलरमागच्या भिंतीवर नावानिशी लिहून ठेवले. अक्षर सुंदर होतं. दुबेसाहेबांना ते पाहून घाम फुटला आणि त्यांनी कूलरसमोर उभं राहूनच भिंत रंगवून घेतली.

एवढं सगळं होऊनही काम फत्ते झालं. जूनच्या मध्यावर बाकावरचा एकेक माणूस यायचा बंद झाला, आणि मग एका सोमवारी कुणीच आलं नाही. दुबेसाहेबांनी बाक उचलून मागच्या खोलीत ठेवायला लावला आणि अवंतीला म्हणाले, "कमाल कर दी, बेटा!" तिला आभाळ ठेंगणं झालं.

घरी आई म्हणाली, "अवंती, आजोबा काहून घरीच बसून राहिले गं? दहा वाजले की इस्त्रीचा शर्ट घालतात, अन् हॉलमधे खुर्चीवर जाऊन बसतात. विचारलं तं म्हणतात, सब फोन में है."

"ॲप आलं नं त्यांना," अवंती अभिमानाने म्हणाली आणि लॅपटॉप उघडून रिपोर्ट लिहायला बसली. जानेवारीत आजी गेली होती. तेव्हापासून आजोबा घरात कामापुरतंच बोलत, हे तिलाही दिसत होतं. पण दिसणं आणि लक्ष जाणं यांत अंतर असतं, आणि तिचं सगळं लक्ष उत्कृष्टवर होतं.

शाखा रिकामी झाल्यावर अवंतीला काम उरलं नाही, म्हणून दुबेसाहेबांनी तिला फोनवर बसवलं. शाखेचा जुना फोन एरवी मुका असायचा. तो आता सकाळपासून वाजू लागला.

"हलो, बैंक खुला है क्या?"

"जी सर, खुला है. क्या काम था?"

"काम कुछ नहीं. खुला है न, बस." फोन बंद.

पाच मिनिटांनी दुसरा आवाज. "मैडम, आज कूलर चल रहा है?"

"चल रहा है, सर."

"उसमें पानी देख लेना. बारा बजे ख़त्म होता है."

तिसऱ्याने गार्डच्या मुलीचा निकाल लागला का, हे विचारलं. आवाज भय्यासाहेबांचा होता, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला हसू फुटलं. पुन्हा फोन वाजला तेव्हा ती हसतहसतच म्हणाली, "नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?"

"मैडम, मेरे खाते में कितना है, ज़रा बताएँगी?"

आजोबा होते. फोनवर त्यांना कमी ऐकू यायचं. त्यात घरात मराठी बोलणारी नात बँकेतलं हिंदी बोलत होती, त्यामुळे त्यांना शंकाही आली नाही.

"सर, वो तो आपके ॲप में दिखता है," तिने कसंबसं म्हटलं.

"दिखता है, दिखता है. सुबह देखा मैंने." मग त्यांनीच विचारलं, "आपने खाना खाया, मैडम?"

"जी."

"अच्छा किया. मेरी घरवाली भी ठीक एक बजे पूछती थी. अब कोई पूछता नहीं, तो मैंने सोचा, मैं ही किसी से पूछ लूँ."

अवंतीला रडू आलं. तिने रिसीव्हरवर हात ठेवला, नाक पुसलं, आणि आवाज सावरून म्हणाली, "सर, आप शाखा में आ जाइए न."

"नहीं मैडम, वो नहीं होगा." आजोबांनी आवाज एकदम खाली आणला. "मेरी पोती वहीं काम सीख रही है. हम लोग आएँगे तो उसका रिपोर्ट बिगड़ेगा. मैंने सबको क़सम दी है, कोई बैंक के पास नहीं फटकेगा. रिपोर्ट अच्छा हुआ तो बच्ची यहीं रहेगी. नहीं तो वो भी पूना जाएगी. आप उसको बताना मत."

समोरच्या स्क्रीनवर रिपोर्ट पूर्ण लिहून ठेवलेला होता. त्याच्या छापील प्रतीवर दुबेसाहेबांनी उत्कृष्ट लिहूनही ठेवलं होतं, शुक्रवारी ते सही करणार होते. अवंती त्याच्याकडे बघत राहिली.

"सर," ती म्हणाली, "उसका रिपोर्ट तो कल ही जमा हो गया. उत्कृष्ट मिला है. और आप सबके ॲप में कुछ गड़बड़ आ गई है. अब रोज़ शाखा में आना पड़ेगा."

"रोज़?"

"रोज़."

"हे राम," आजोबा म्हणाले, पण त्या शब्दांत इतका आनंद होता की तिला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली आणि गार्डच्या मदतीने बाक ओढून पुन्हा कूलरसमोर आणला. दहाच्या ठोक्याला सगळे हजर झाले. त्यांना पंधरा दिवसांचं बोलायचं होतं. पासबुकाच्या मशीनसमोर रांग लागली, आणि सगळ्यांनी एकदम छपाई काढल्याने मशीन अडकलं. ते बघायला बाहेरचे लोकही आत आले. शाखेत इतकी गर्दी वर्षभरात झाली नव्हती.

दुबेसाहेबांनी काचेतून हे पाहिलं. त्यांनी अवंतीला आत बोलावलं, तिचा रिपोर्ट पुढे ओढला, उत्कृष्ट खोडलं आणि साधारण लिहिलं. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, तिनेही नाही. तिला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

ती बाहेर आली तर आजोबा काउंटरशी उभे होते. हातात खोवा जिलेबीचा डबा होता.

"अवंती, त्या फोनवाल्या मॅडम कुठं बसतात गं? त्यांच्यासाठी आणली."

"त्या आज नाहीत, आजोबा."

"अरे अरे." आजोबा खरोखर हिरमुसले. मग त्यांनी डबा उघडून तिच्यासमोर धरला. "चल, त्यांच्या वाट्याची तू खा. फार चांगली पोरगी आहे. तिच्यापासून शीक काही. जेवल्या का म्हणून मी विचारलं तं किती मायेनं बोलली माझ्याशी. तू घरी कधी बोलून राहिली का अशी?"

अवंतीने एक अख्खी जिलेबी तोंडात कोंबली, म्हणजे लगेच उत्तर द्यावं लागू नये.